दोन बोटे माया

वार्षिकांकासाठी लेख द्यावेत अशी सूचना फलकावर लागली, तेव्हा आमच्या वर्गात ज्याने त्याने आपापला विषय ठरवून टाकला. कोणी ग्रेस यांच्या कवितेवर लिहिणार होते, कोणी वसईच्या किल्ल्यावर, कोणी स्त्रीमुक्तीवर. मी 'घरचे शिवण' असे सांगितले, तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, "अगं, हा काय अभ्यासाचा विषय आहे? तो तर शाळेतला कार्यानुभवाचा तास!" तिचे म्हणणे मला तेव्हा खोडून काढता आले नाही. परंतु गेले वर्षभर मी माझे रोजचे कपडे घरी शिवून पाहिले आणि त्या परीक्षेत अनेकदा नापास झाले. त्या नापास होण्यातून जे काही कळले, ते मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

आमच्या घरी शिवणयंत्र आले ते गेल्या वर्षी गणपतीनंतर. नालासोपाऱ्यातीलच एक कुटुंब घर बदलून चालले होते, त्यांच्याकडून जुने, काळ्या रंगाचे, पायाने चालवायचे यंत्र आम्ही २,८०० रुपयांना घेतले. यंत्र घरात आले म्हणजे कपडे शिवता येणारच, अशी माझी समजूत होती, आणि त्या समजुतीला तसेच कारणही होते. माझी आई वसई पूर्वेकडील कपड्यांच्या एका गाळ्यात गेली बारा वर्षे काम करते. वालीव, सातिवली, गोखिवरे या बाजूला असे लहान कारखान्यांचे गाळे किती तरी आहेत. आई तिथे विजेवर चालणाऱ्या जुकी यंत्रावर बसते. असले यंत्र मिनिटाला चार-पाच हजार टाके घालू शकते. तेव्हा शिवणाची गुरुकिल्ली घरातच आहे, असे मी धरून चालले होते.

पहिल्याच रविवारी कापड जमिनीवर पसरले, खडू हातात घेतला आणि आईला विचारले, "आता कुठून कापू?" आई कापडाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मला काय माहीत? माझ्याकडे कॉलर असते."

हे वाक्य मी तोपर्यंत कधी नीट ऐकलेच नव्हते. बारा वर्षे आईने कॉलर शिवली आहे, फक्त कॉलर. बाही दुसरीकडे असते, काज-बटण तिसरीकडे, दोरे कापण्याचे काम तर पुष्कळदा बायका घरी नेऊन करतात. आणि कापणे? ते कटिंग मास्तरांचे काम. एकावर एक पन्नास-साठ थर रचून ते यंत्राने कापतात. त्या टेबलाकडे शिवणाऱ्या बायकांपैकी कोणी फिरकत नाही.

आम्हाला अर्थशास्त्रात श्रमविभागणी हा भाग आहे. ॲडम स्मिथने आपल्या १७७६ सालच्या 'वेल्थ ऑफ नेशन्स' या ग्रंथात तो टाचणीच्या उदाहरणाने सुरू केला आहे. एक टाचणी करायला सुमारे १८ कामे लागतात. ती कामे वाटून घेतली तर १० माणसे दिवसाला ४८,००० टाचण्या करतात. हे उत्तर मी परीक्षेत लिहिले आणि त्याला गुणही बरे पडले. पण त्याच ग्रंथात पुढे, पाचव्या भागात, स्मिथ असेही लिहून गेला आहे की ज्या माणसाचे सारे आयुष्य दोन-चार साध्या क्रिया करण्यात जाते, त्याला बुद्धी चालवण्याचा प्रसंगच येत नाही आणि तो मंद होत जातो. हा भाग आम्हाला अभ्यासाला नाही, सरांनी वर्गात ओघात सांगितला. तो ऐकून मला थोडा रागच आला. माझी आई मंद मुळीच नाही. महिन्याचा हिशेब ती तोंडी करते आणि सोसायटीच्या सभेत भल्याभल्यांना गप्प करते. मात्र बारा वर्षे कपड्यांत वावरूनही तिला कापडाला कात्री लावण्याची भीती वाटत होती, हे खरे आहे. स्मिथ माणसाबद्दल चुकला असेल, पण त्या कात्रीबद्दल नाही.

तेव्हा कापण्याचे शिक्षण मला इतरत्र शोधावे लागले. थोडे चाळीतल्या एका मावशींकडून मिळाले, थोडे पुस्तकावरून. बरेचसे कापड वाया घालवून मिळाले.

पहिला धडा आबांनी दिला, आणि तोही माझा पहिला कुडता बिघडल्यावर. आबा म्हणजे आईचे वडील. ते परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि त्यात जे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांतले ते एक. त्यांची गिरणी पुन्हा त्यांच्यासाठी उघडली नाही. मी सुती कापड आणले, त्याच दिवशी कापले आणि शिवले. कुडता अंगाला अगदी बेतशीर बसला. पहिल्या धुण्यात तो लांबीला दीड इंच आखडला आणि बाह्या कोपराच्या वर अडकू लागल्या. मी रडकुंडीला आले, तेव्हा आबांनी तो कुडता हातात घेऊन आधी उभा ताणला, मग आडवा ताणला. "बघ, कुठल्या बाजूने जास्त ताणलं जातं?" आडव्या बाजूने. "तो बाणा. उभा तो ताणा. मागावर ताणा सतत खेचलेला असतो, वर त्याला खळ दिलेली असते. पुढे धुलाई-रंगाईतही कापड लांबीनेच ओढत नेतात. पाणी लागलं की तो ताण सुटतो आणि सूत मूळ जागी येतं. म्हणून कापड लांबीला जास्त आटतं."

पूर्वी गिरणीच्या काही कापडांवर 'सॅन्फोराइज्ड' असा छाप असे. सॅनफर्ड क्लुएट या अमेरिकन माणसाने १९३० साली कापड आधीच आटवून घेण्याची कृती शोधून काढली, तिच्यावरून ते नाव पडले. ज्यावर असा काही भरवसा नाही ते सुती कापड रात्रभर पाण्यात भिजत घालावे, न पिळता सावलीत वाळवावे, ओलसर असतानाच इस्त्री करावी आणि मगच कात्री लावावी. आपल्या आज्यांना हे ठाऊकच होते. मला मात्र त्यासाठी अडीच मीटर कापड घालवावे लागले.

ताणा-बाणा कळला की पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. कुडत्याची लांबी ताण्याच्या दिशेने का धरायची? कारण ती दिशा मजबूत असते आणि ओघळत नाही. गळ्याला पट्टी लावताना ती कापडाच्या कोपऱ्यावरून तिरकी, म्हणजे उरेब का कापायची? कारण तिरक्या पट्टीत उभेआडवे धागे एकमेकांवर सरकू शकतात, पट्टी ताणली जाते आणि गोल गळ्यावर चुणी न पडता बसते. मी पहिल्यांदा सरळ पट्टी लावली होती, तेव्हा गळा कढईच्या काठासारखा उभा राहिला.

दुसरा धडा लूजिंगचा आणि मायेचा. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि माझ्यासारखे नवशिके त्यांची गल्लत करतात. लूजिंग म्हणजे अंग आणि कपडा यांच्यामध्ये ठेवलेली मोकळी जागा. तिच्यामुळे श्वास घेता येतो, बसता येते. माया म्हणजे शिलाईच्या पलीकडे, आतल्या बाजूला सोडलेले जास्तीचे कापड. छातीचे माप ३४ असेल तर चौपदरी घडीवर त्याचा चौथा भाग, म्हणजे साडेआठ इंच. त्यात एक इंच लूजिंग आणि एक इंच माया मिळवून साडेदहा इंचांवर खूण करायची. शिवून तयार झालेला कुडता ३८ चा होतो. मी पहिल्या कुडत्याला साडेआठात फक्त अर्धा इंच मिळवला होता आणि त्या अर्ध्या इंचावर टीप मारली. कुडता बरोबर ३४ चा झाला, म्हणजे माझ्या कातडीइतका. तो न आटता तरी कामाचा नव्हताच.

माया हा शब्द मला फार आवडतो. चाळीतल्या मावशी म्हणतात, "दोन बोटं माया सोड, पोरगी वाढते आहे." शिंप्याने माया सोडली नसेल तर कपडा उसवून सैल करता येत नाही, आणि बाजारच्या तयार कपड्यांत ती जेमतेम दोऱ्याच्या गुंफणीइतकी असते. एका कपड्यामागे बोटभर कापड वाचवले, तर हजार कपड्यांत किती वाचेल याचा हिशेब कोणीही करावा.

आता मुंढ्याविषयी. मुंढा म्हणजे बाही जिथे अंगाला जोडली जाते तो गोल भाग. सगळ्यांत जास्त डोके खाणारा भाग हाच, आणि मी सगळ्यांत जास्त शिकले तीही इथेच. दुसरा कुडता मी कापड भिजवून, लूजिंग ठेवून शिवला. आरशासमोर तो झकास दिसला. सोमवारी तो घालून गाडीत चढले. नालासोपाऱ्याहून आमच्या कॉलेजपर्यंत एकच स्टेशन. पण सकाळच्या गाडीत तेवढ्या वेळातही कडी धरल्याशिवाय उभे राहता येत नाही. मी हात वर केला आणि सबंध कुडता कमरेपर्यंत वर आला! उरलेला प्रवास मी कडी न धरता, शेजारच्या बाईच्या खांद्याला टेकून केला.

घरी येऊन मी साधा विचार केला, की मुंढा घट्ट असेल, तो खाली खोल कापला म्हणजे हात मोकळा होईल. एक इंच खोल कापला. दुसऱ्या दिवशी कुडता आधीपेक्षाही जास्त वर आला. हे कोडे मला दोन आठवडे सुटले नाही. अखेर वर्तमानपत्राच्या कागदाची बाही करून, ती अंगाला टाचण्यांनी जोडून हात वर-खाली करून पाहिले, तेव्हा ध्यानात आले. हात वर गेला की कमरेपासून काखेतून कोपरापर्यंतचे अंतर वाढते. कपड्यात हे अंतर भरून काढतात ती बगलेची शिवण आणि बाहीची खालची शिवण. मुंढा खोल केला की नेमक्या ह्या दोन्ही शिवणी आखूड होतात. मग लांबी आणायची कुठून? ती खालून येते, म्हणजे सगळा कुडता वर ओढला जातो. याचा अर्थ, हात मोकळा हवा तर मुंढा काखेच्या जवळ हवा आणि बाही रुंद हवी. आहे की नाही उलटा न्याय?

याहून जुना उपाय आबांच्या बंडीत सापडला. तिच्या काखेत चार बोटांचा एक चौकोनी तुकडा कोनावर बसवलेला होता. बाही आणि अंग सरळ चौकोनी कापलेले, मुंढ्याला गोलाई जवळपास नाहीच. हात वर केला की तो तुकडा उलगडतो, खाली घेतला की मिटतो. शेतात कुदळ मारणाऱ्या माणसाच्या अंगरख्याला हेच हवे. चौकोनी तुकडे कापल्यामुळे कापडही वाया जात नाही. आमच्या पुस्तकातील गोलाईदार मुंढा दिसायला सुबक खरा, पण तो आरामात उभ्या असलेल्या माणसाचा. विरार लोकलचा नव्हे. माझ्या तिसऱ्या कुडत्याला मी काखेत तो तुकडा लावला. तेव्हापासून मी दोन्ही हातांनी कडी धरू शकते. (त्याच कुडत्याच्या पाठीवर सगळी फुले उलटी, देठ वर करून आली आहेत, कारण छापाला दिशा असते हे मी पाहिलेच नाही. पण पाठ मला दिसत नाही.)

असाच विचार जुन्या चोळीतही आहे. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण महाराष्ट्रभर चोळीसाठी जात असे. एका खणात एक चोळी, आणि चिंधी जवळजवळ नाही. पुढे बटणे-हूक नाहीत, तर गाठ. अंग भरले, उतरले, बाळंतपण झाले, तरी गाठ कमी-जास्त करता येते. आमच्याकडे वसईच्या पश्चिमेला निर्मळ, भुईगावच्या बाजूला लाल लुगडी नेसणाऱ्या वृद्ध स्त्रिया अजून दिसतात. एका आजींनी मला सांगितले, की लग्नाआधी चोळी हाताने शिवता येणे ही मुलीची एक परीक्षाच असे. धावदोरा, उलटी टीप आणि हेम, एवढ्या तीन टाक्यांवर आमचा संसार झाला, असे त्या म्हणाल्या.

यंत्राविषयीही थोडे सांगायला हवे. आयझॅक सिंगरने १८५१ साली आपल्या शिवणयंत्राचा हक्क नोंदवला. त्याआधी एलायस हाऊ याने १८४६ मध्ये टोकाशी नेढे असलेल्या सुईचे यंत्र नोंदवले होते, आणि खरी युक्ती त्या नेढ्यात आहे. हातशिलाईत सगळी सुई कापडातून पार जाते. यंत्रात फक्त टोक खाली जाते, दोऱ्याचा फास करते, आणि त्या फासातून खालचा, बॉबिनचा दोरा गुंफला जातो. वरचा आणि खालचा ताण सारखा नसला, की एक दोरा सरळ राहतो आणि दुसरा त्याच्याभोवती नुसते वेढे घेतो. मग कपडा एका धाग्यासरशी उसवतो. माझा पहिला गाऊन असाच स्वयंपाकघरात उसवला. सुईचेही तेच. पातळ मलमलीला ११ नंबर, साध्या सुती कापडाला १४, जाड कापडाला १६. मी सगळ्यालाच १६ वापरत होते आणि कापडाला भोके पडत होती.

यंत्रांविषयी एरवी साशंक असणाऱ्या गांधीजींनी १९२४ मधील एका संभाषणात शिवणयंत्राला मात्र अपवाद केले. पत्नीचे हातशिलाईचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरने तिच्या प्रेमापोटी यंत्र शोधले, असे त्यांनी सांगितले. सिंगरचे चरित्र पाहता हे त्या गृहस्थाला जरा जास्तच श्रेय आहे, कारण त्याने एकाच वेळी एकाहून अधिक संसार थाटले होते! पण त्याच्या कंपनीने १८५० च्या दशकात यंत्र हप्त्याने विकायला सुरुवात केली, हे खरे. त्यामुळे ते साध्या घरांत शिरले. आपल्याकडे रमाबाई रानडे यांच्या पुण्यातील सेवासदनात (१९०९) शिवणाचे वर्ग चालत, आणि त्या यंत्रावर किती विधवांनी आपले पोट भरले असेल!

आता हिशेब. वर्षभरात मी अकरा कपडे शिवले. दोन परकर, दोन गाऊन, दोन सलवारी, चार कुडते, आणि एक आणखी, त्याविषयी पुढे. पहिला कुडता आणि दुसरा कुडता बाद झाले. दुसऱ्या गाऊनच्या दोन्ही बाह्या मी एकाच हाताच्या कापल्या. बाहीची पुढची गोलाई मागच्यापेक्षा खोल असते, आणि दोन बाह्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असाव्या लागतात. त्या काढून गाऊन बिनबाह्यांचा केला आणि उन्हाळ्यात वापरला. बाकीचे कपडे रोजच्या वापरात आहेत. चौथा कुडता मी शिवला आहे असे सांगितले तर मैत्रिणींना खरे वाटत नाही.

पैसे वाचले का? हिंदमाताहून आणलेले कापड ११० रुपये मीटर. अडीच मीटरचे २७५, दोरा-बक्रम धरून २९०. शिंपी शिलाईच ४०० घेतो, तेव्हा त्या मानाने वाचले. पण स्टेशनबाहेर तयार कुडता २५० ला मिळतो. म्हणजे माझी मेहनत फुकट धरूनही माझा कुडता ४० रुपयांनी महाग! हा आकडा मी आईला दाखवला. ती म्हणाली, "तो अडीचशेचा कुठून येतो ते मला विचार." तिला एका कॉलरचे जे मिळते, त्यात एक कटिंग चहाही येत नाही.

अकरावा कपडा आईचा आहे. दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी ती आपणहून म्हणाली, "मलाही दाखव कसं कापतात ते." मी तिला आधी जुनी चादर दिली. नव्या कापडावर थेट हात टाकायचा नाही, आधी वर्तमानपत्रावर आकृती, मग जुन्या चादरीवर कापणी, हा नियम मी आता स्वतःला घालून घेतला आहे. तिने खडूने रेघ मारली, पुसली, पुन्हा मारली. कात्री घेऊन ती इतका वेळ बसली की आबा म्हणाले, "अगं, काप की, चादरच आहे." मग तिने कापली. चादरीवर दोनदा कापल्यानंतर निळ्या सुती कापडावर कापले.

कुडत्याला कॉलर पाहिजे असे तिने ठरवले होते. मुंढा तिने तीन वेळा उसवला. बगलेची एक शिवण अजूनही किंचित वाकडी आहे. आमच्या यंत्राला वेग नाही म्हणून ती सारखी कुरकुरत होती. पण कॉलरची पाळी आली, तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. बक्रम घातले, टोके उलटली, टीप मारली, आणि चहा उकळायच्या आत कॉलर तयार झाली. मी आजवर इतकी देखणी कॉलर कुठे पाहिलेली नाही.

तो कुडता घालून ती सोमवारी गाळ्यात गेली. जेवणाच्या सुट्टीत चेकिंगच्या एका बाईंनी सवयीने बगलेची कड उलटून आतली शिवण पाहिली आणि म्हणाल्या, "अहो, एवढी माया कशाला सोडली? कापड फुकट घालवलंत."

"असू दे," आई म्हणाली, "उद्या मी जाड झाले तर?"